सिरोसिसमध्ये प्लीहा न काढता प्लेटलेट वाढवता येतात का?

वडिलांना सिरोसिस (लिव्हर कडक होण्याचा आजार) आहे, प्लीहा वाढून 18 सेंटिमीटर, त्या वाढलेल्या प्लीहेत अडकून प्लेटलेट (रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी) 32 हजार, आणि सर्जन प्लीहा काढू म्हणतात. ऑपरेशन टळेल का, असं तुम्ही विचारलंय. बहुतेक वेळा टळतं. पण आधी कारण विचारा. रक्तस्राव नाही, पुढे कुठलं ऑपरेशनही ठरलेलं नाही, नुसता आकडा कमी आहे, तर हात न लावलेलाच बरा.

खरंच गरज असेल तर पार्शल स्प्लेनिक एम्बोलायझेशनबद्दल विचारा. हे काम सर्जनचं नाही, इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्टचं (स्क्रीनवर बघत बारीक नळीने उपचार करणारा डॉक्टर). जागा बधिर करून जांघेतल्या किंवा मनगटाच्या धमनीतून बारीक नळी प्लीहेच्या धमनीत नेतात. स्वादुपिंडाच्या फांद्या मागे टाकून नळी पुढे जायलाच हवी, नाहीतर कण तिकडे जाऊन स्वादुपिंडाला सूज येते. मग 300 ते 700 मायक्रॉनचे कण सोडून प्लीहेच्या काही भागाचा रक्तपुरवठा बंद करतात.

किती भाग बंद करायचा, इथेच सगळं अडतं. साधारण 50 ते 70 टक्के. कमी केला तर प्लेटलेट काही महिन्यांत पुन्हा उतरतात. 70 च्या वर गेलं की प्लीहेत पू होणं, पोर्टल शिरेत (आतडी आणि प्लीहेकडून लिव्हरला रक्त नेणारी शीर) गुठळी होणं हे धोके वाढतात. लिव्हर अशक्त असेल तर दोन टप्प्यांत करा, असा आग्रह धरा. कावीळ वाढलेली, पोटात खूप पाणी किंवा जंतुसंसर्ग असेल तर हा मार्ग सहसा नकोच.

न्यूमोकोकल, मेनिंगोकोकल आणि हिब (हिमोफिलस जंतूंविरुद्धची) लसी निदान 2 आठवडे आधी. पोर्टल शिरेचा डॉपलर (रक्तप्रवाह बघणारी सोनोग्राफी) आधी आणि नंतरही.

नंतर डाव्या बरगडीखाली दुखतं, ताप येतो. मेलेल्या पेशींमुळे आठवडाभर हे चालतं. दुखतं म्हणून माणूस खोल श्वास घेत नाही आणि डाव्या फुप्फुसाच्या तळाशी पाणी साठतं. म्हणून वेदनाशामक वेळच्या वेळी द्या: पॅरासिटामॉल, दिवसाला 2 ग्रॅमच्या आत. ब्रुफेन, डायक्लोफेनॅक अजिबात नको, सिरोसिसमध्ये किडनी बसते. उतरलेला ताप थंडी वाजून परत आला तर थांबू नका, त्याच दिवशी सीटी करून घ्या.

प्लेटलेट काही दिवसांतच चढू लागतात, सुमारे 2 आठवड्यांनी सगळ्यात वर जातात, मग थोड्या उतरून 2 महिन्यांत स्थिरावतात. त्या उतरण्याने घाबरू नका.