लहान शिडाच्या होडीवर मरीन रेडिओ ठेवावा का?

मुंबईहून फक्त मांडव्यापर्यंत जायचे असेल आणि वाटेत मोबाइलला रेंज मिळत असेल, तर होडीवर वेगळा रेडिओ कशाला, असे आपण विचारले आहे. माझ्या मते तो ठेवावाच.

काही वर्षांपूर्वी खांदेरीच्या अलीकडे आमच्या होडीच्या पंख्यात जाळ्याचा तुकडा गुंतून इंजिन बंद पडले, वारा आधीच पडला होता आणि ओहोटी आम्हाला खडकांकडे ओढू लागली होती. नांगर टाकून मी फोन काढला; रेंज होती, पण खाऱ्या पाण्याने ओल्या झालेल्या बोटांना पडदा दाद देईना. तो उघडला तेव्हा खरी अडचण लक्षात आली. तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक मला पाठ होता, परंतु आम्हाला लगेच ओढून नेऊ शकणारा टग मैलभरावर समोर दिसत होता आणि त्याच्या तांडेलाचा नंबर आमच्याकडे असण्याचे काही कारणच नव्हते. मग रेडिओ घेतला आणि संकटातल्या पुकाऱ्यांसाठी असलेल्या १६ क्रमांकाच्या चॅनलवर, बुडण्याचा तातडीचा धोका नसल्यामुळे 'मेडे' हा जिवावरच्या संकटाचा पुकारा न करता, तीनदा 'पॅन-पॅन', म्हणजे त्याखालचा तातडीच्या मदतीचा पुकारा, करून ठिकाण सांगितले आणि टगवरून लगेच उत्तर आले. फोन एकालाच लागतो. हा पुकारा टप्प्यातल्या, तो चॅनल लावून बसलेल्या प्रत्येकाला ऐकू जातो.

हातातल्या संचाची ताकद साधारण ५ वॅट असते, बसवलेल्याची २५. पण वॅटपेक्षा अँटेनाची उंची महत्त्वाची, कारण या लहरी क्षितिजापलीकडे फारशा जात नाहीत. दोन लहान होड्यांवर उभे राहून हातातल्या संचांवर बोलल्यास चार-पाच सागरी मैलांपुढची आशा धरू नये. उंच अँटेनाच्या जहाजापर्यंत मात्र तोच संच बराच लांब पोहोचतो. शिडाच्या होडीला डोलकाठी असतेच, तेव्हा जमल्यास बसवलेल्या संचाची अँटेना तिच्या टोकाला लावावी.

एकच घ्यायचा झाल्यास मी पाण्यात टिकणारा, हातातला घेईन आणि तो लाइफ जॅकेटला दोरीने बांधीन, कारण केबिनच्या कपाटात ठेवलेला संच पाण्यात पडलेल्या माणसाच्या काही कामाचा नाही. बोलून झाल्यावर बटण सोडायला मात्र विसरू नका. ते दाबलेले राहिले तर आसपासच्या सगळ्यांचाच चॅनल अडतो, आणि हा प्रताप मी स्वतः केलेला आहे. आपल्याकडे या संचाला दूरसंचार विभागाचा परवाना लागतो, त्यामुळे खरेदीपूर्वी अर्जाची चौकशी करावी.