टॉनच्या वाटेवर: आधी व्हिसा, मग मेव्हची गुहा

तुमच्या पत्रातला बेत असा: ऑक्टोबरअखेर आयर्लंडात सात दिवस, मेव्ह राणी आणि कू खुलिनच्या, म्हणजे "टॉन" या जुन्या आयरिश कथेतल्या जागा, साउनच्या (31 ऑक्टोबरचा जुना आयरिश सण) रात्री मॉरिगन या युद्धदेवतेची गुहा, आणि पुण्यातला तुमचा एजंट सांगतोय की "आयर्लंडचा व्हिसा मिळाला की अख्खं बेट फिरा, तिकीट लंडनमार्गे स्वस्त पडतंय". बाकी सगळं ठीक आहे, पण हे शेवटचं वाक्य वाचून लिहायला बसलो. अशाच एका ऑफिसात अशाच एका वाक्यावर आमचं अख्खं तिकीट बुडालं होतं. त्यांचं नाव घेत नाही, आता घेऊन उपयोगही नाही. कथा (मेव्ह राणी एका बैलासाठी उत्तरेकडच्या अल्स्टरवर चालून जाते, कू खुलिन तिला एकटा अडवतो) तुम्हाला माहीत आहे असं धरतो, शेंगेन व्हिसा आयर्लंडला चालत नाही हेही.

तुमची कथा सीमा ओलांडते. मेव्हचं क्रूअखन, म्हणजे आजचं रॅथक्रोहन, रॉसकॉमन काउंटीत आहे. ज्या बैलासाठी एवढं रामायण झालं तो कूलीचा, लाउथ काउंटीतला. हे दोन्ही आयर्लंड प्रजासत्ताकात. पण अल्स्टरच्या राजाची राजधानी एवन माखा, पाट्यांवरचं नाव नॅवन फोर्ट, आर्मा शहराच्या पश्चिमेला तीनेक किलोमीटरवर. म्हणजे उत्तर आयर्लंडात, म्हणजे युनायटेड किंग्डममध्ये. वाटेत चौकी नाही, फाटक नाही. डाव्या कडेची पिवळी रेघ पांढरी होते आणि वेगाच्या पाट्या किलोमीटरच्या मैलात येतात, एवढाच फरक. चौकी नाही म्हणून परवानगी लागत नाही असं मात्र नाही. सीमेपलीकडे जाणाऱ्या बसमध्ये, ट्रेनमध्ये अधूनमधून कागद तपासतात, आणि बेकायदा प्रवेशाची नोंद पुढच्या प्रत्येक व्हिसा अर्जात आडवी येते.

यावर उपाय आहे. ब्रिटन आणि आयर्लंडची एकत्रित व्हिसा योजना भारतीय पासपोर्टधारकांना 2015 पासून लागू आहे. आयर्लंडच्या अल्पमुदतीच्या व्हिसावर बीआयव्हीएस (BIVS) ही चार अक्षरं असतील तर त्याच व्हिसावर उत्तर आयर्लंडात जाता येतं. सिंगल एंट्री असला तरी हरकत नाही, फक्त ये-जा या दोन देशांपुरती हवी. मध्येच पॅरिसला जाऊन आलात की तो संपला. पासपोर्ट हातात आला की काउंटरवरून हलण्याआधी ती अक्षरं शोधा. नसतील तर आर्मा यादीतून काढून टाका, "कोण विचारतंय" म्हणू नका. आणि ही सोय भारतात राहून भारतातून अर्ज करणाऱ्यांसाठी आहे. जर्मनीत किंवा नेदरलँडमध्ये राहणाऱ्या मित्रांनी ती आपल्यालाही आहे असं धरून चालू नये.

आता खरी मेख. आयर्लंडने दिलेल्या अशा व्हिसावर आधी आयर्लंडातच उतरावं लागतं, मग ब्रिटन. मुंबईहून डब्लिनला थेट विमान नाही, म्हणून एजंट हीथ्रोचं तिकीट काढतात. लंडनला नुसतं विमान बदलायचं असलं तरी डब्लिनच्या जोड-विमानासाठी इमिग्रेशनमधून जावं लागू शकतं, आणि मग "पहिलं पाऊल कुठे पडलं" यावर मुंबईच्या चेक-इन काउंटरवरच वाद होतो. तिथल्या माणसाला शंका आली की तो बोर्डिंग पास देत नाही, आणि रात्री दोन वाजता ते तिकीट परतही होत नाही. वाचलेल्या आठ-दहा हजारांपायी लाखाचं नुकसान. अबू धाबी, दुबई किंवा दोहामार्गे थेट डब्लिनला उतरा. हे एजंटला ईमेलवर लिहून द्या आणि उत्तरही लेखीच घ्या, तोंडी "होऊन जाईल सर"वर विसंबू नका. (मी व्हिसा सल्लागार नाही. नियम बदलतात, म्हणून अर्जाच्या आठवड्यात आयर्लंडच्या इमिग्रेशन खात्याची साइट स्वतः वाचा.) डब्लिनला शिक्का बसला की त्यावरची तारीखही पाहा. राहायची मुदत त्या शिक्क्यावरून ठरते.

गाडी घ्या, बसने हे जमत नाही. आपल्यासारखंच डावीकडून चालवायचं आहे. ऑटोमॅटिक महाग आणि थोड्या असतात, तेव्हा लवकर सांगून ठेवा. उत्तरेत जाणार हे गाडी घेतानाच सांगा, नाहीतर विमा लागू होईलच असं नाही. काही कंपन्या त्याचे वेगळे पैसे लावतात. विमानतळावरून पश्चिमेला निघालात की एम-50 वर टोल लागतो, पण टोलनाका दिसत नाही, कॅमेरा नंबर टिपतो. दुसऱ्या दिवशी रात्री आठच्या आत भरायचा. भाड्याच्या गाडीचा टोल कोण भरतं ते चावी घेतानाच विचारा.

क्रम कथेचाच ठेवा: आधी रॅथक्रोहन, मग पूर्वेला. डब्लिनहून रॅथक्रोहनजवळचं टल्स्क गाव दोन तासांवर आहे. मुख्य टेकाड जवळजवळ 90 मीटर व्यासाचं, वरून बघाल तर गवत आणि मेंढ्या. नुसतं बघून परतणारे "काहीच नाही तिथे" असं लिहितात, कारण आधी टल्स्कच्या केंद्रात गेलेले नसतात. जमिनीखाली काय आहे ते मोजणीच्या नकाशांतून तिथे समजावून देतात. शिवाय मेव्हच्या राजधानीतली ही मॉरिगनची गुहा खाजगी शेतात आहे, त्यामुळे केंद्राच्या वाटाड्याबरोबरच जा आणि नोंदणी आधी करा. साउनच्या आठवड्यात गर्दी असते, त्यात आयर्लंडची ऑक्टोबरच्या शेवटच्या सोमवारची सुट्टी, म्हणून राहायची सोय त्याहून आधी.

गुहेबद्दल जरा सविस्तर, कारण फोटोवरून अंदाज येत नाही. तोंड म्हणजे काटेरी झुडपाखालचं एक भोक, कुत्रा शिरेल एवढं वाटतं. बसून, पाय पुढे टाकून आत सरकायचं. सुरुवातीचं भुयार माणसाने बांधलेलं, दगडी, बुटकं. आत गेल्यावर लगेच पुढे पळू नका, वळून वर बघा. तुळईच्या दगडाच्या कडेवर ओगम या जुन्या आयरिश लिपीच्या रेघा आहेत. वाचन असं: व्राइकी, माकी, मेदुवी. म्हणजे मेव्हच्या मुलाचं, फ्रेखचं. टॉर्च समोरून मारला तर रेघा सपाट होऊन दिसेनाशा होतात. टॉर्च दगडाला चिकटवून बाजूने तिरका धरा, सावल्या पडल्या की अक्षरं उठतात. नंतर उतार आहे, ओल्या चिखलाचा, घसरडा, आणि त्याच्या तळाशी चुनखडीची उंच, अरुंद भेग. गुहेची लांबी सगळी मिळून 37 मीटरच्या आसपास. साधे स्पोर्ट्स शूज तिथेच संपतात. गमबूट, जुनी पँट, कपाळावरचा दिवा आणि गाडीत एक मोठी प्लास्टिकची पिशवी, चिखलाचे कपडे टाकायला. भाड्याच्या गाडीच्या सीटला चिखल लागला की साफसफाईचं बिल वेगळं येतं. गुडघे दुखत असतील किंवा बंद जागेची भीती असेल तर बाहेरच थांबा. साउनच्या रात्री मॉरिगन तशीही गुहेतून बाहेरच येते. रात्री एकट्याने जायचा हट्ट मात्र नको. तिथे 1 नोव्हेंबरला सूर्य पाचच्या आसपास मावळतो, त्यामुळे "साउनचा अंधार" चहाच्या वेळेलाच मिळतो.

पूर्वेकडे ज्या दोन जागा पर्यटक सोडून देतात, त्याच माझ्या मते सर्वांत मोलाच्या. आर्डी गावाच्या आयरिश नावाचाच अर्थ "फेरडियाच्या उताराचं (पायी नदी ओलांडायच्या जागेचं) गाव". कू खुलिन आणि फेरडिया हे दोन दूधभाऊ जिथे लढले तो नदीचा उतार हाच, असं कथा सांगते. दुसरी जागा नॉकब्रिजजवळचा उभा दगड, क्लोखाफारमोर, "मोठ्या माणसाचा दगड". मरताना उभं राहता यावं म्हणून कू खुलिनने स्वतःला बांधून घेतलं तो हाच, असं मानतात. शेतात आहे, तेव्हा पिकातून आडवं चालू नका, गाडी फाटकासमोर लावू नका, आणि फाटक जसं सापडलं तसंच ठेवा. उघडं होतं तर उघडं, बंद होतं तर बंद. दगडाच्या फटीत नाणं खोचायची आपली सवयही इथे आवरा. गंजणाऱ्या धातूने दगड तडकतो.

एवन माखाचा बांध पाहताना एक गोष्ट ध्यानात घ्या. खंदक बांधाच्या बाहेर नाही, आत आहे. किल्ल्याचा खंदक असा खणत नाहीत, म्हणजे ही मुळात लढायची जागा नव्हे, विधीची. आतलं टेकाड तर त्याहून चमत्कारिक. सुमारे 40 मीटर व्यासाची लाकडी वास्तू बांधली, मधल्या खांबाचं झाड वलयांवरून इ.स.पू. 95 च्या सुमारास तोडलेलं निघतं. मग ती दगडांनी भरली, पेटवली आणि वर माती घातली, सगळं जाणूनबुजून. तिथल्या उत्खननात उत्तर आफ्रिकेतल्या माकडाची कवटीही सापडली. बांधावर जायला पैसे पडत नाहीत, शेजारच्या केंद्राला तिकीट आहे, आणि सुटे पौंड जवळ असू द्या.

न्यूग्रेंजचं प्राचीन थडगंही जोडायचं म्हणता, तर माझं मत विरोधी आहे. ती अँगस आणि दाग्दा या देवांची जागा, तुमच्या बैलाच्या कथेहून फार जुनी, सुमारे इ.स.पू. 3200 ची. तिला अर्धा दिवस जातो. तरी जायचंच असेल तर नकाशात "न्यूग्रेंज" टाकू नका. गाडी थडग्याजवळ पोचते आणि तिथून आत सोडत नाहीत. डोनोर गावाजवळच्या, बॉइन नदीच्या दक्षिणेकडच्या केंद्राचा पत्ता टाका, तिथूनच त्यांची बस नेते. तिकीट साधारण महिनाभर आधी ऑनलाइन मिळतं आणि सकाळचे स्लॉट आधी संपतात.

एजंटने आतापर्यंत किती पैसे घेतलेत ते लिहिलेलं नाही. पीएनआर आला असेल तर आजच रद्द करायचे नियम वाचा, आणि भाडं परत मिळत नसेल तर निदान मार्ग बदलून मिळतो का ते विमान कंपनीलाच फोन करून विचारा, एजंटला नाही.