वाचकांचे प्रश्न : पाणबुडीच्या गेमचं पुढे काय होणार?

प्रश्न : ताई, मी बँकेत नोकरी करतो, वय ४२. एम.कॉम. करत असताना ‘सायलेंट हंटर ३’ रात्ररात्र खेळलो आहे. आता नवा संगणक घेतला तर जपून ठेवलेली डीव्हीडी त्यावर चालेना. मालिकेचा पाचवा भाग आला, त्यानंतर सहावा काही आलाच नाही. ऑफिसातली तरुण मुलं म्हणतात, “सर, असले गेम आता कोण बनवणार?” पाणबुडीचे, लढाऊ विमानांचे खरेखुरे सिम्युलेशन गेम संपले असं समजायचं का?
— एक वाचक, धनकवडी

उत्तर : नाही, संपले नाहीत. पण ज्यांच्या जिवावर ते वाढले त्या मोठ्या कंपन्यांनी यातून अंग काढून घेतलंय हे खरं. त्या परत येतील म्हणून वाट बघत बसू नका, एवढं आधीच सांगते.

पाणबुडीच्या गेममधलं खरं काम पडद्यावर दिसतच नाही. वरचं पाणी कोमट, खाली गार, आणि त्या दोन थरांच्या सीमेवर आवाज वाकतो. म्हणून थराखाली गेलेली पाणबुडी वरच्या जहाजाच्या सोनारला, म्हणजे आवाजावरून शोध घेणाऱ्या यंत्रणेला, सहज सापडत नाही. हे नीट बसवायला महिने जातात. काफिल्याने घाबरून दिशा कशी बदलायची, रक्षक जहाजाने शोध कधी सोडून द्यायचा, टॉर्पेडो कधी दगा देणार, हे सगळं आणखी वेगळं. यातलं काहीही जाहिरातीच्या दीड मिनिटात दाखवता येत नाही. घेणारेही ठरावीक. हिशेबाच्या वहीत असा गेम नेहमी तोट्याच्या बाजूला दिसतो.

तरी एक काळ असा होता की मोठी नावं यात होती. मायक्रोप्रोजचा ‘सायलेंट सर्व्हिस’ १९८५ मध्ये आला. पहिला ‘सायलेंट हंटर’ १९९६ मध्ये, आणि १९९७ मध्ये अमेरिकी अणुपाणबुडीवरचा ‘६८८(आय) हंटर किलर’. २००५ हे तर मी या क्षेत्राचं सोन्याचं वर्ष मानते, कारण ‘सायलेंट हंटर ३’ आणि ‘डेंजरस वॉटर्स’ हे दोन्ही त्याच वर्षी हाती आले. तुमच्या आवडत्या गेमच्या वेळी खेळणाऱ्यांनी मागणी केली होती की, ठरलेल्या मोहिमा नकोत, दर वेळी नव्याने घडणारं युद्ध हवं. यूबीसॉफ्ट कंपनीने ते ऐकलं, तारीख पुढे ढकलली आणि तशी मोहीम करून दिली. म्हणून तर वीस वर्षांनीही तो शिळा होत नाही.

पाचवा भाग २०१० मध्ये आला तो अर्धाकच्चा, आणि वर खेळताना इंटरनेट सतत चालू हवं ही अट. त्या मार्चमध्ये कंपनीचे सर्व्हर कोलमडले, तेव्हा रीतसर पैसे मोजलेल्या अनेकांना स्वतःच्या घरात, स्वतःच्या संगणकावर गेम सुरू करता येईना. एकट्याने खेळायच्या गेमला ही अट घालणं अन्यायाचं होतं, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं.

मग हे ज्ञान गेलं कुठे? बरंचसं लष्कराकडे. मायक्रोसॉफ्टने २००९ मध्ये आपला फ्लाइट सिम्युलेटर बनवणारा स्टुडिओ बंद केला. त्याच्या कोडचा परवाना लॉकहीड मार्टिनने घेतला आणि त्यावर ‘प्रीपार-थ्री-डी’ उभं केलं. ‘आर्मा’ हा युद्धाचा गेम बनवणाऱ्या चेक मंडळींच्या घरातूनच सैन्याच्या प्रशिक्षणाचं ‘व्हीबीएस’ निघालं. ‘डेंजरस वॉटर्स’वाल्या सोनॅलिस्ट्स कंपनीचं मुख्य काम अमेरिकी नौदलासाठीच चालायचं. ‘कमांड’ या आधुनिक नौदल-हवाई युद्धाच्या गेमची व्यावसायिक आवृत्ती वेगळी आहे आणि ती सैन्यांना विकली जाते. लष्करी पैशामुळे जाणकार माणसं टिकतात, त्यांचे पगार निघतात, हे मी नाकारत नाही. मी स्वतः काही वर्षं पुण्यातल्या एका कंपनीत अवजड वाहनांचे सिम्युलेटर बनवायचे. ग्राहक चांगला असायचा, पैसे वेळेवर यायचे, पण आम्ही केलेलं उत्तमातलं उत्तम काम एका बंद खोलीत जायचं आणि ठराविक प्रशिक्षणार्थींशिवाय ते कुणी बघायचं नाही. तुमच्या-माझ्यासारख्या हौशी माणसाला त्याचा उपयोग शून्य.

आता आशेची बाजू, आणि ती लहान नाही. ‘कोल्ड वॉटर्स’ २०१७ मध्ये आला. ‘यूबोट’ २०१९ मध्ये अपुऱ्या रूपात विक्रीला आला, पाच वर्षं घासूनपुसून ऑगस्ट २०२४ मध्ये पूर्ण झाला. त्यात तुम्ही नुसते कप्तान नसता, खलाशांची झोप, जेवण, भीती सगळं सांभाळावं लागतं. ‘सी पॉवर’ नोव्हेंबर २०२४ मध्ये आला, तोही अपुऱ्या रूपात, पण खेळण्याजोगा. हे सगळे छोटे चमू. अपुरा गेम विकायचा, आलेल्या पैशातून आणि खेळणाऱ्यांच्या तक्रारींतून तो पुढे न्यायचा, ही पद्धत या प्रकाराला मानवली आहे.

‘वुल्फपॅक’चं मात्र जरा सविस्तर सांगते, कारण माझ्या रविवारच्या दुपारी त्यात जातात. सदाशिव पेठेत एका मित्राच्या घरी आम्ही चौघं चार संगणकांवर बसतो, पण पाणबुडी एकच. एक कप्तान, एकाकडे सुकाणू आणि खोली, एक नकाशावर, आणि हायड्रोफोनवर, म्हणजे पाण्याखालचे आवाज ऐकायच्या यंत्रावर, माझी मैत्रीण. ती डोळे मिटून चाक फिरवत राहते. घरात बोलायचं नाही, पंखासुद्धा बंद. मग एकदम म्हणते, “तीनशे दहा. जड पंखा, सावकाश.” म्हणजे तीनशे दहा अंशांच्या दिशेला मोठ्या जहाजाचा पंखा हळू फिरतोय. नकाशावाला रेघ मारतो. काही मिनिटांनी पुन्हा, “तीनशे चार.” दुसरी रेघ. जहाज कुणालाच दिसलेलं नसतं. नुसत्या दिशांवरून ते कुठे चाललंय, जवळ येतंय की लांब जातंय, यावर आमची भांडणं सुरू होतात. दिशा बदललीच नाही आणि आवाज वाढत गेला, तर ते सरळ आपल्यावर येतंय, हे एकदा अनुभवलं की माणूस विसरत नाही. ग्राफिक्सच्या बाबतीत हा गेम साधाच आहे, पण इतकी एकाग्र शांतता मी दुसऱ्या कुठल्या गेममध्ये अनुभवलेली नाही.

मला खरी काळजी आहे ती वेगळीच. या क्षेत्रात दर खेपेला पाटी कोरी करून सुरुवात करावी लागते. स्टुडिओ बंद होतो, कोड कुठल्यातरी कपाटात कुलूपबंद होतो, आणि पुढचा चमू आवाज पाण्यात कसा वाकतो इथपासून पुन्हा सुरू करतो. उलट उदाहरण बघा. १९९८ चा लढाऊ विमानाचा ‘फाल्कन ४.०’ सदोष अवस्थेत बाजारात आला आणि २००० मध्ये त्याचा कोड बाहेर फुटला. ते रीतसर नव्हतं, पण त्यावर हौशी लोकांनी इतकं काम केलं की ‘फाल्कन बीएमएस’ म्हणून तो आजही सुधारतोय. अट एवढीच, मूळ गेम तुमच्याकडे हवा. कंपन्यांनी विक्री थांबवल्यावर कोड आपणहून खुला केला, तर असे कितीतरी गेम जगतील. युरोपात ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही चळवळ २०२४ मध्ये सुरू झाली आणि २०२५ मध्ये त्यांच्या मागणीने दहा लाख सह्यांचा टप्पा ओलांडला. विकलेला गेम नंतर निकामी करू नका, एवढंच ते मागतायत. माझा त्याला मनापासून पाठिंबा आहे.

तुमच्या डीव्हीडीबद्दल. ती बहुधा ठणठणीत आहे. त्या काळी कॉपी होऊ नये म्हणून जी व्यवस्था घालत, ती विंडोजच्या अगदी आतल्या भागात शिरून काम करायची. नवी विंडोज सुरक्षेसाठी तिला आत येऊ देत नाही. सोपा उपाय म्हणजे स्टीम या ऑनलाइन दुकानातली आवृत्ती घ्या आणि तिच्यावर ‘ग्रे वुल्व्ह्ज एक्सपान्शन’ हा फुकट मॉड, म्हणजे हौशी लोकांनी केलेली सुधारणा, चढवा. डीव्हीडीवरच जीव असेल, तर तपकीर गल्लीत जुने सुटे भाग घेऊन विंडोज एक्सपीचं वेगळं यंत्र जुळवून मिळतं, फक्त ते इंटरनेटला जोडू नका. मॉडच्या फायली मात्र स्वतःच्या हार्ड डिस्कवर उतरवून ठेवाच. त्या ठेवणाऱ्या साइट एखाद्या हौशी माणसाच्या खिशातून चालतात, आणि त्याने भाडं भरणं थांबवलं की वीस वर्षांचं काम एका दिवसात दिसेनासं होतं. नवा गेम घेतलात तर पैसे परत मिळायची मुदत आहे तोवर घरचा वायफाय बंद करून तो सुरू होतो का बघा.

प्रश्न : ताई, माझा मुलगा दहावीत आहे. सुट्टीत सारखा पाणबुडीचा गेम खेळतो आणि म्हणतो मला नौदलात पाणबुडीवरच जायचंय. या गेमचा तिथे काही उपयोग होतो का, की नुसताच वेळ जातोय?
— एक आई, सांगवी

उत्तर : प्रवेशाला उपयोग नाही. कुठल्याही मुलाखतीत गेमचे गुण विचारत नाहीत. पण त्याचा वेळ वाया जातोय की नाही, हे तुम्ही दहा मिनिटांत तपासू शकता. त्याच्या शेजारी बसा आणि समोरच्या जहाजाचा वेग कसा काढतोस ते विचारा.

संगणकाला विचारून सांगितलं, तर तो मजा करतोय, करू दे. पण वही काढून त्याने असं काही दाखवलं तर लक्ष द्या. जहाजाची जागा नकाशावर खूण करायची, घड्याळ लावायचं, ३ मिनिटं १५ सेकंदांनी पुन्हा खूण करायची. मधलं अंतर ८०० मीटर भरलं तर वेग ८ नॉट, ६०० भरलं तर ६. एक नॉट म्हणजे सेकंदाला साधारण ०.५१ मीटर, आणि १९५ सेकंदांत ते बरोबर १०० मीटरच्या आसपास जातं, म्हणून हा हिशेब जमतो. तो का जमतो हे त्याला स्वतःला मांडता आलं, तर दहावीच्या भौतिकशास्त्राची काळजी करू नका. ३० नॉटचा टॉर्पेडो दीड किलोमीटर जायला किती वेळ घेईल आणि तेवढ्यात ते जहाज किती पुढे सरकेल, हे पुढचं गणित तुम्हीच घाला.

रस्ता सरळ आहे. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित हवं, मग यूपीएससीची एनडीए, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची परीक्षा, आणि प्रबोधिनी तर तुमच्याच जिल्ह्यात, खडकवासल्याला. पाणबुडीचं शिक्षण पुढे विशाखापट्टणमला ‘आयएनएस सातवाहन’मध्ये होतं. आणि मुलाचा कल यंत्रांकडे असेल तर हेही सांगा, की कलवरी वर्गाच्या सहा पाणबुड्या मुंबईत माझगाव डॉकमध्ये बांधल्या गेल्या, पहिली ‘कलवरी’ डिसेंबर २०१७ मध्ये आणि सहावी ‘वागशीर’ जानेवारी २०२५ मध्ये नौदलात दाखल झाली. बांधणारी माणसंही लागतात.

प्रश्न : ताई, आम्ही तिघं मित्र कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहोत. १९७१ च्या युद्धावर भारतीय पाणबुडीचा सिम्युलेशन गेम करावा असं मनात आहे. सर म्हणतात, या प्रकाराला भविष्य नाही, मोबाइल गेम करा. काय करावं?
— एक विद्यार्थी, कर्वेनगर

उत्तर : करा. सरांना तुमच्या नोकरीची काळजी आहे, ती रास्तच, म्हणून नोकरीची तयारी सोडू नका. पण पाणी, आवाज, दिशा आणि वेळ यांचं गणित कोडमध्ये बसवून दाखवलेला विद्यार्थी मी स्वतः आनंदाने कामावर घेतला असता.

विषय छोटा ठेवा. एकच पाणबुडी, एकच गस्त. मी तुमच्या जागी असते तर ‘आयएनएस कुरसुरा’ घेतली असती. सोव्हिएत बनावटीची फॉक्सट्रॉट वर्गाची पाणबुडी, डिसेंबर १९६९ मध्ये दाखल झालेली, पुढे सहा आणि मागे चार टॉर्पेडो नळ्या. १९७१ मध्ये ती अरबी समुद्रात गस्तीवर होती. आपल्या पाणबुड्यांनी त्या युद्धात एकही जहाज बुडवलं नाही, आणि मला तेच गेमसाठी मोलाचं वाटतं. दिवसेंदिवस पाण्याखाली, बॅटरी संपत आलेली, वर येऊन डिझेल इंजिनं चालवायची तर दिसण्याचा धोका, वरून जाणारं जहाज शत्रूचं की तिसऱ्याच देशाचं हे ओळखायचं. गोळीबाराशिवाय माणसाला खुर्चीला खिळवून ठेवणारा गेम करून दाखवा.

पाकिस्तानी पाणबुडी ‘गाझी’चा भाग घ्यायला हरकत नाही. ती मूळ १९४५ ची अमेरिकी ‘डायब्लो’, विशाखापट्टणमजवळ बुडाली, पण ती कशाने बुडाली यावर दोन्ही देशांचं म्हणणं वेगळं आहे, तेव्हा गेममध्ये एकच बाजू ठोकून देऊ नका. आपली युद्धनौका ‘खुकरी’ मात्र खेळायला देऊ नका. ९ डिसेंबर १९७१ ला पाकिस्तानी पाणबुडी ‘हंगोर’ने दीवजवळ ती बुडवली, १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले, कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजासोबत गेले. त्यांच्या घरची माणसं आपल्यात आहेत. रेडिओवर आलेली बातमी म्हणून ती गेममध्ये येऊ दे, तेवढं पुरे.

माहिती उघड पुस्तकांतून आणि संग्रहालयातूनच घ्या. ‘वॉर थंडर’ हा ऑनलाइन युद्धाचा गेम खेळणाऱ्यांनी वाद जिंकण्यासाठी खऱ्या रणगाड्यांची गोपनीय कागदपत्रं चव्हाट्यावर टाकली आणि मोठा गहजब झाला. कुणी निवृत्त काका प्रेमाने काही दाखवायला लागले तरी नाही म्हणा. तुम्हाला त्याची गरजही नाही, कारण ‘कुरसुरा’ २००२ पासून विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर संग्रहालय म्हणून उभी आहे. तिघंही जा. आतून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चाला, गोल दारांतून वाकून जायला किती वेळ लागतो ते मोजा, बंक कुठे आणि टॉर्पेडो कुठे ते वहीत काढा.

परत आलात की आधी आवाजाचं काम करा, पडद्यावर काहीही नसताना. काळ्या पडद्यावर डोळे मिटून दोन वेगवेगळी जहाजं ओळखता आली की मासिकाच्या पत्त्यावर कळवा. आमच्या हायड्रोफोनवालीला घेऊन मी ऐकायला येईन.