वाचक विचारतात : गिटार हातात बसायला किती दिवस लागतात?

प्रश्न : वय ३४, नोकरी हिंजवडीत. गणपतीला तीन महिने आहेत आणि सोसायटीच्या कार्यक्रमात एक तरी गाणं वाजवायचं आहे. एक क्लास म्हणतो तीन महिन्यांत येईल, वाजवणारा मित्र म्हणतो पाच वर्षं लागतील. कुणाचं खरं? (कोथरूड)

उत्तर : दोघांचंही खरं आहे, कारण दोघं वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलत आहेत. तीन महिन्यांत चार कॉर्ड्सचं (कॉर्ड म्हणजे एकत्र वाजणारे तीन-चार सूर) संथ गाणं न थांबता वाजवता येतं. ऐकलेली चाल स्वतःहून तारांवर काढणं, कुठल्याही पट्टीत साथ करणं याला वर्षं लागतात. मधला प्रवास महिन्यांत मोजण्यापेक्षा तासांत मोजा. रोज २० मिनिटं म्हणजे महिन्याला १० तास. रविवारी एकदम अडीच तास बसलात, तर आठवड्याचे तास तेवढेच भरतील, पण बोटं सोलवटतील आणि पुढच्या रविवारपर्यंत हात निम्मं विसरलेला असेल.

पहिले दोन आठवडे तारा जुळवणं आणि सूर स्वच्छ काढणं यातच जातात. जाड तारेकडून पातळ तारेकडे ई, ए, डी, जी, बी, ई असे सूर लागतात. मोबाइलवरचं ट्यूनर ॲप पुरेसं आहे. बोट फ्रेटच्या, म्हणजे मानेवरच्या आडव्या, धातूच्या पट्टीवर ठेवलं तर सूर दबतो, दोन पट्ट्यांच्या मधोमध ठेवलं तर जोर जास्त लागतो. पट्टीच्या अगदी अलीकडे, गिटारच्या डोक्याच्या (खुंट्यांच्या) बाजूला, बोटाच्या टोकाने दाबा. डाव्या हाताची नखं वाढली असतील तर हे जमणार नाही. टोकं दोन-तीन आठवडे दुखतात, मग कातडी घट्ट होते. आंघोळीनंतर किंवा भांडी घासल्यावर लगेच बसू नका, भिजलेली कातडी लवकर सोलवटते. टोकांचं दुखणं चालेल. मनगटात कळ किंवा बोटांत मुंग्या येत असतील तर त्या दिवशी गिटार खाली ठेवा.

खरा वेळ खातो तो कॉर्ड बदलण्याचा क्षण. म्हणून रोज घड्याळ लावून मोजा: एका मिनिटात दोन कॉर्ड्समध्ये किती वेळा स्वच्छ बदल होतो? सुरुवातीला आठ-दहा होतील. ८० च्या लयीत (मिनिटाला ८० ठोके) दर चार ठोक्यांनी कॉर्ड बदलणाऱ्या गाण्याला मिनिटाला २० बदल लागतात. सरावात ३० गाठले, की गाण्यात हात घाबरत नाही. जोड्या हुशारीने निवडा. ए मायनरमधून सी मेजरला जाताना पहिलं (तर्जनी) आणि दुसरं बोट जागचं हलत नाही. फक्त तिसरं बोट तिसऱ्या तारेवरून (तारांचे आकडे पातळ तारेपासून मोजायचे) उचलून पाचव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर जातं. चार बोटांचा जी आणि डी यांत तिसरं बोट दुसऱ्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर तसंच राहतं. जागचं राहणारं बोट खुंटीसारखं धरून बाकीची फिरवा. प्रत्येक वेळी सगळी बोटं उचलून पुन्हा नव्याने मांडण्याची सवय लागली, तर ती मोडायला महिना जातो.

दुसरी चूक उजव्या हाताची. डावा हात कॉर्ड शोधत असताना उजवा त्याची वाट पाहत थांबतो आणि लय तुटते. थांबायचं नाही. कॉर्ड अर्धवट लागली तरी ठोका पडलाच पाहिजे. ऐकणाऱ्याला एखादा फसलेला सूर कळत नाही, तुटलेली लय लगेच कळते.

गणपतीसाठी ६० ते ७० च्या लयीचं, तीन-चार कॉर्ड्सचं एखादं भावगीत किंवा प्रार्थना घ्या आणि गायला दुसऱ्या कुणाला तरी सांगा. वाजवत गाणं जमायला आणखी दोन-तीन महिने लागतात. आरतीची साथ मात्र यंदा घेऊ नका. झांजा सुरू झाल्या की आरतीची लय चढत जाते आणि नवा हात मागे पडतो.

प्रश्न : चार महिने रोज वाजवतोय. एफ कॉर्ड लागतच नाही, अर्ध्या तारा मुक्या राहतात. बोटं लहान आहेत म्हणून असेल का? (धनकवडी)

उत्तर : बोटांच्या लांबीचा दोष सहसा नसतो. आधी गिटार तपासा. एफचाच आकार जसाच्या तसा पाचव्या फ्रेटवर लावा, तिथे तो ए मेजर होतो. तिथे सहज वाजला आणि पहिल्या फ्रेटवर वाजत नसेल, तर नट उंच आहे. नट म्हणजे डोक्याजवळची ती पट्टी, जिच्या खाचांतून तारा जातात. खाच उथळ असली की पहिल्या फ्रेटवर तार दाबायला दुप्पट जोर लागल्यासारखं वाटतं. आणखी एक खूण: तार तिसऱ्या फ्रेटवर दाबून पहिल्या फ्रेटवरची फट बघा. ती केसाएवढी हवी. जाड पुठ्ठा जात असेल तर खाचा खोल करून घ्यायला हव्यात. हे काम वाद्य दुरुस्त करणाऱ्याकडूनच करून घ्या. घरी कानस चालवून खाच जास्त खोल गेली की मोकळी तार फ्रेटवर आपटून झणझणते आणि नटच बदलावा लागतो.

बाराव्या फ्रेटवरही मोजपट्टी लावून बघा: जाड तारेखाली साधारण २.५ आणि पातळ तारेखाली २ मिलिमीटर अंतर असलं की हात सुखात राहतो. स्वस्त गिटारवर ते अनेकदा ३.५ ते ४ असतं, आणि शिकणारा स्वतःच्या हाताला दोष देत सोडून देतो. याचं आम्हाला मनापासून वाईट वाटतं, कारण दुरुस्ती छोटीशी असते. तारा १२ च्या जाडीच्या असतील तर १० च्या लावून बघा, त्या मऊ लागतात.

गिटार ठीक असेल तर सहाही तारांवर आडवं पडणारं पहिलं बोट सपाट न ठेवता अंगठ्याच्या बाजूच्या कडेवर किंचित कलतं करा. पेरांच्या घडीत तार अडकली की ती मुकी होते. बोट अर्धा सेंटिमीटर वर-खाली सरकवा. जोर चिमटीतून काढू नका, कोपर शरीराकडे घ्या म्हणजे दंडाचं वजन कामी येतं. तोवर छोटा एफ वाजवा: पहिल्या बोटाने पहिल्या दोन तारा पहिल्या फ्रेटवर, दुसरं बोट तिसऱ्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर, तिसरं चौथ्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर, आणि वाजवायच्या फक्त चार तारा. पूर्ण एफ सहा ते आठ महिन्यांच्या सुमारास लागणं ही सामान्य गती आहे.

प्रश्न : वय ६१. पेटी वाजवतो, तबल्याचे ठेके माहीत आहेत. पत्नी काळी चारमध्ये गाते. या वयात साथीपुरती गिटार जमेल का? (सहकारनगर)

उत्तर : तुम्ही बऱ्याच जणांच्या पुढे आहात. लय तुमच्याकडे आहेच. केहरव्याच्या आठ मात्रा मोजा: १, ३, ५, ७ ला हात खाली, २, ४, ६, ८ ला वर. हात सतत हलता ठेवा, पण २ आणि ५ ला तारांना स्पर्श करू नका. राहिलेल्या सहा मात्रांवर बहुतेक सुगम संगीत बसतं. दादऱ्यात १ आणि ४ ला अंगठ्याने जाड तार, बाकी मात्रांना हलकेच पातळ तारा.

काळी चार म्हणजे जी शार्प. कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) पहिल्या फ्रेटवर लावा आणि जीच्या कुटुंबातल्या कॉर्ड्स वाजवा. काळी एकला कॅपो पहिल्यावर आणि सीच्या कॉर्ड्स. पांढरी पाचला कॅपोशिवाय जी. घरची जुनी पेटी मोबाइलच्या ट्यूनरशी जुळेलच असं नाही. पेटी आणि गिटार एकत्र वाजवायची असेल तर पेटीची पांढरी सहा दाबून पाचवी तार तिच्याशी मिळवा आणि तिच्यावरून बाकीच्या लावा.

बोटांसाठी नायलॉनच्या तारांची क्लासिकल गिटार घ्या. तिची मान रुंद असते पण तारा मऊ. तिच्यावर स्टीलच्या तारा कधीही चढवू नका: नायलॉनचा एकूण ताण साधारण ४० किलो, स्टीलचा ७० च्या आसपास, ब्रिज (फळीवरचा तारा धरणारा तुकडा) उखडतो.

प्रश्न : जुलैत गिटार अचानक कडक लागायला लागली. माझाच हात बिघडला का? (सिंहगड रोड)

उत्तर : नाही. पावसाळ्यात लाकूड ओल शोषतं, वरची फळी किंचित फुगते आणि तारा उचलल्या जातात. गिटार बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नका; केसमध्ये सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्या घालून ठेवा आणि त्या महिन्याने बदला. वाजवून झाल्यावर कोरड्या सुती कापडाने तारा पुसा, नाहीतर महिनाभरात गंज चढतो आणि बोटं घसरत नाहीत. मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत उलटं होतं: लाकूड आकसतं आणि फ्रेटची टोकं कडेला बोचू लागतात. तेव्हा सिलिका जेल काढून टाका. उन्हात उभ्या गाडीत मात्र कुठल्याच ऋतूत गिटार ठेवू नका. डिंक मऊ होऊन ब्रिज सुटतो.

प्रश्न : मुलगी सात वर्षांची आहे. मोठी गिटार घेऊन ठेवली तर पुढे उपयोगी पडेल का? (बिबवेवाडी)

उत्तर : आत्ता मोठी घेऊ नका. उजवा हात फळीवरून खाली पोचत नसेल तर ती खांदा उचलून वाजवेल आणि ती सवय राहते. नायलॉन तारांची ३४ इंची घ्या; दहा-अकराव्या वर्षी ३६ इंची. रोज दहा मिनिटं, तीही तिच्या शेजारी बसून.