आधी डॉक्टर, मग क्वार्टरबॅक

सप्रेम नमस्कार,

डलासजवळच्या फ्रिस्कोत दहावीत शिकणारा आपला मुलगा शाळेच्या अमेरिकन फुटबॉलच्या ज्युनिअर व्हार्सिटी (मुख्य संघाखालच्या दुय्यम) संघात क्वार्टरबॅक, म्हणजे चाली चालवणारा आणि चेंडू फेकणारा खेळाडू, आहे आणि एनएफएल या व्यावसायिक लीगपर्यंत पोहोचण्यासाठी खासगी प्रशिक्षक बदलावा की शाळा, असे आपण विचारले आहे. पण पत्राच्या शेवटी आपण ओझरते लिहिले आहे की मागच्या सामन्यात डोके मैदानावर आपटल्यानंतर चार दिवस त्याचे डोके दुखत होते, फळ्यावरची अक्षरे नीट दिसत नव्हती आणि तरीही तो प्रशिक्षकांशी बोलला नाही, कारण 'आता बाहेर बसलास तर जागा जाईल' असे आपणच त्याला बजावले होते. हे वाचून मी अतिशय अस्वस्थ झालो.

हेल्मेट कवटीचे रक्षण करते. आतला मेंदू हादरणे ते थांबवू शकत नाही. पहिला हादरा भरून निघण्याआधी दुसरा बसला, तर क्वचित प्रसंगी जिवावर बेतते. म्हणूनच टेक्ससच्या 2011च्या कायद्यानुसार मेंदूला असा हादरा बसल्याचा संशय येताच विद्यार्थ्याला त्या दिवशी खेळातून बाहेर काढावे लागते आणि डॉक्टरांच्या लेखी परवानगीशिवाय परत घेता येत नाही. आजच त्याला डॉक्टरांकडे न्या, शाळेला कळवा आणि गप्प राहायला आपणच सांगितले होते, हे त्याच्यादेखत सांगा; नाहीतर पुढच्या वेळी तो आपल्यालाही काही सांगणार नाही.

दहावीत मागे पडला की वाट बंद झाली, या समजुतीतून ही घाई आली आहे, आणि ती समजूत चुकीची आहे. कॅलिफोर्नियातल्या फायरबॉ या छोट्या शेतीप्रधान गावचा जॉश अ‍ॅलन शाळेतून बाहेर पडला तेव्हा त्याला एकाही मोठ्या विद्यापीठाची शिष्यवृत्ती मिळाली नव्हती. तो रीडली या कम्युनिटी कॉलेजात खेळला, तिथून वायोमिंग विद्यापीठात गेला, 2018च्या ड्राफ्टमध्ये (एनएफएल संघ नवे खेळाडू निवडतात त्या फेरीत) सातवा निवडला गेला आणि एनएफएलच्या 2024च्या हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. शिवाय क्वार्टरबॅकचे खरे काम निव्वळ दंडाच्या जोरावर होत नाही. समोरची बचावफळी कशी उभी आहे हे ओळखून आयत्या वेळी चाल बदलायची आणि चेंडू हाती येताच दोन-तीन सेकंदांत निर्णय घ्यायचा, हे दुखऱ्या डोक्याने होणार कसे?

महाविद्यालयीन खेळांची संघटना असलेल्या एनसीएएच्या डिव्हिजन वन या सर्वांत वरच्या गटात खेळण्यासाठी शाळेतले 16 मुख्य विषय आणि त्यांत किमान 2.3 जीपीए (सरासरी गुणांक) लागतो. शाळा संपल्यावर तीन वर्षांनी ड्राफ्टची पात्रता येते. एनएफएलमध्ये संघ 32 आहेत आणि प्रत्येक संघात पहिला क्वार्टरबॅक एकच असतो, हे लक्षात घेता अभ्यासाला दुय्यम मानणे परवडणारे नाही. जॉश डॉब्सने टेनेसी विद्यापीठात एरोस्पेस अभियांत्रिकीची पदवी घेतली आणि तो एनएफएलमध्येही क्वार्टरबॅक म्हणून खेळला.

प्रशिक्षक आणि शाळा तूर्त आहेत तेच राहू द्या. आपल्या एवढ्या सविस्तर पत्रात मुलाला स्वतःला काय हवे आहे, हे कुठेच आलेले नाही. डॉक्टरांनी खेळायची परवानगी दिल्यावर पुढचे पत्र त्याला लिहू द्या, आणि ते पाठवण्यापूर्वी कृपया वाचू नका.