किशोरवयीन गर्भधारणा आणि सरकारी अनुदान : वाचकांचे प्रश्न

गेल्या काही आठवड्यांत या विषयावर आलेल्या पत्रांतील सहा प्रश्न येथे घेतले आहेत. पत्रे पाठवणारे बहुतेक जण लहान संस्था चालवणारे आहेत. त्यामुळे कायद्याच्या आणि धोरणाच्या बरोबरीने कागदपत्रांविषयीही लिहावे लागले आहे.

प्रश्न : आमची संस्था धाराशिव जिल्ह्यात किशोरी गटांबरोबर काम करते. एकोणीस वर्षांखालील मुलींची गर्भधारणा रोखण्याच्या कामाला अनुदान देणारी नेमकी योजना कोणती? संकेतस्थळांवर पुष्कळ शोधूनही ती आम्हाला सापडली नाही.

ती सापडणार नाही, कारण त्या नावाची योजना आपल्याकडे नाही. या कामाचा पैसा तीन-चार खात्यांच्या लेखाशीर्षांखाली विखुरलेला आहे आणि प्रत्येक ठिकाणी त्याचे नाव वेगळे आहे.

त्यातला पहिला मार्ग राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमाचा. 7 जानेवारी 2014 रोजी सुरू झालेला हा कार्यक्रम 10 ते 19 वयोगटासाठी असून पोषण, मानसिक आरोग्य, व्यसने, हिंसा, असंसर्गजन्य आजार यांच्या जोडीला लैंगिक व प्रजनन आरोग्य हाही त्याचा एक विषय आहे. गावातले समवयस्क शिक्षक आणि आपल्याकडे ‘मैत्री क्लिनिक’ म्हणून ओळखली जाणारी सल्ला केंद्रे ही त्याची अंगे. पैसा राष्ट्रीय आरोग्य अभियानातून येतो आणि त्यात केंद्राचा वाटा 60 टक्के व राज्याचा 40 टक्के असतो. मात्र तो संस्थेने अर्ज करताच मिळत नाही. जिल्हा आपला वार्षिक आराखडा राज्याकडे पाठवतो, राज्य तो केंद्राकडे नेते आणि मंजुरी मिळालेल्या ओळीवरच खर्च करता येतो. या आराखड्याला कार्यालयात कुणी ‘पीआयपी’ (प्रोग्रॅम इम्प्लिमेंटेशन प्लॅन) याखेरीज दुसऱ्या नावाने ओळखत नाही. तो तयार होत असतानाच जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांची भेट घेऊन आपल्या कामाची एक ओळ त्यात बसवून घ्यावी लागते. मार्च महिन्यात फाईल घेऊन येणाऱ्या संस्थेला चहा मिळतो. निधी मिळत नाही.

दुसरा मार्ग महिला व बालविकास खात्याचा. ‘बेटी बचाओ, बेटी पढाओ’ आता मिशन शक्ती या महिलांसाठीच्या केंद्रीय छत्रयोजनेत सामील झाली असून जिल्ह्याला जन्मावेळच्या लिंग गुणोत्तरानुसार वर्षाला 20, 30 किंवा 40 लाख रुपये मिळू शकतात, आणि बालविवाहाविरुद्धची जनजागृती त्यात बसते. आपला जिल्हा नंदुरबार, वाशीम आणि गडचिरोली यांच्याप्रमाणे आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे, त्यामुळे 14 ते 18 वयाच्या मुलींसाठीची केंद्राची किशोरी योजनाही तेथे लागू आहे.

तिसरा मार्ग बहुतेक संस्थांच्या नजरेतून सुटतो. जिल्हा वार्षिक योजनेतील 3 टक्के निधी महिला व बालविकासासाठी राखून ठेवण्याचे राज्याचे धोरण आहे, आणि ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातील 10 टक्के रक्कम महिला व बालकल्याणावर खर्च करावी असा नियम आहे. रक्कम लहान असते आणि ती बऱ्याचदा शिलाई यंत्रांवर किंवा अंगणवाडीच्या खुर्च्यांवर जाते. पण ग्रामसभेत ठराव मांडून किशोरींच्या वर्षभराच्या वर्गाचा खर्च त्यातून मागता येतो आणि त्यासाठी मुंबईला खेटे घालावे लागत नाहीत.

प्रश्न : बीड जिल्ह्यात आम्ही ऊसतोड कामगारांच्या मुलींसाठी हंगामी वसतिगृह चालवतो. एका निधी देणाऱ्या यंत्रणेने आमचा प्रस्ताव ‘हा गर्भधारणा प्रतिबंधाचा कार्यक्रम नाही’ असा शेरा मारून परत पाठवला. त्यांचे म्हणणे बरोबर आहे का?

माझ्या मते नाही, आणि याचे उत्तर जरा सविस्तर द्यायला हवे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रात 15 ते 19 वयाच्या 7.6 टक्के मुली आई झालेल्या किंवा गरोदर होत्या. देशाचे प्रमाण 6.8 टक्के होते. म्हणजे प्रगत म्हणवणारे आपले राज्य येथे देशाच्या सरासरीहून मागे आहे. त्याच पाहणीत 20 ते 24 वयाच्या स्त्रियांपैकी अठरा वर्षे पूर्ण होण्याआधी लग्न झालेल्यांचे प्रमाण राज्यात 21.9 टक्के, आपल्या बीडमध्ये 43.7 टक्के आणि परभणीत 48 टक्के होते. हे दोन्ही आकडे शेजारी ठेवले की आपल्याकडची बहुतेक किशोरवयीन गर्भधारणा लग्नाच्या आत होते हे स्पष्ट होते. लग्न पुढे ढकलणारे प्रत्येक काम हे म्हणून गर्भधारणा प्रतिबंधाचेच काम ठरते.

ऊसतोडीत तर हे हिशेबाइतके सरळ आहे. मुकादम उचल (आगाऊ रक्कम) देतो ती कोयत्यावर, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकट्याचा अर्धाच कोयता धरला जातो. मुलगा हाताशी आला की त्याचे लग्न लावून पूर्ण कोयता करण्याकडे घराचा कल असतो. दुसऱ्या बाजूला, मोठ्या मुलीला सहा महिने म्हाताऱ्या आजीच्या भरवशावर गावी ठेवायची किंवा फडावरच्या कोपीत न्यायची, या दोन्हींची आई-बापाला धास्ती असते. त्यामुळे दिवाळीनंतर टोळ्या निघण्याआधी तिचे हात पिवळे करून मोकळे होणे त्यांना सोपे वाटते. दाराला आतून कडी असलेली खोली, दोन वेळचे जेवण आणि जवळ शाळा एवढे मिळाले, तर ते लग्न निदान त्या वर्षी टळते. संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजनेत 41 तालुक्यांत 82 वसतिगृहे मंजूर करण्यामागेही ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींची हीच निकड होती.

प्रस्ताव पुन्हा पाठवताना त्याला पुराव्याची जोड द्या. पैठण तालुक्यातील पाचोड येथील आरोग्य व्यवस्थापन संस्थेने अविवाहित मुलींसाठी वर्षभर रोज संध्याकाळी तासभराचा जीवनकौशल्यांचा वर्ग चालवला होता. तिच्या कार्यक्षेत्रात 1997 ते 2001 या काळात मुलींच्या लग्नाचे मध्यक वय 16 वरून 17 झाल्याची नोंद आहे. एक वर्ष ऐकायला थोडे वाटते, पण सोळाव्या वर्षीच्या आणि सतराव्या-अठराव्या वर्षीच्या बाळंतपणात काय फरक असतो ते कोणत्याही सुईणीला विचारावे. आपल्या फलनिष्पत्तीच्या रकान्यात ‘घेतलेली सत्रे’ लिहू नका. हंगामाच्या सुरुवातीला पटावर असलेल्या मुलींपैकी हंगामाच्या शेवटी किती अविवाहित होत्या आणि किती वार्षिक परीक्षेला बसल्या, हे दोनच आकडे द्या.

प्रश्न : मी माध्यमिक शाळेचा मुख्याध्यापक आहे. अनुदानित उपक्रमात प्रजनन आरोग्याचे सत्र घेतले तर पालक गोंधळ घालतील, अशी आमच्या संस्थाचालकांना भीती वाटते. काय करावे?

भीती निराधार नाही. 2007 मध्ये केंद्राच्या किशोरवयीन शिक्षण कार्यक्रमातील चित्रांवरून आणि मजकुरावरून गदारोळ झाला, तेव्हा त्याला बंदी घालणाऱ्या राज्यांत महाराष्ट्रही होते. परंतु 2020 मध्ये सुरू झालेल्या आयुष्मान भारत शालेय आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक शाळेतील दोन शिक्षकांना प्रशिक्षण देण्याची तरतूद असून त्याच्या अकरा विषयांत प्रजनन आरोग्य व एचआयव्ही प्रतिबंध हा विषय आहे. बाहेरून वक्ता आणण्यापेक्षा याच प्रशिक्षित शिक्षकांकडून, सरकारी अभ्याससाहित्य वापरून सत्र घ्यावे आणि ते साहित्य आधी पालकसभेत टेबलावर ठेवावे. विरोधाचा जोर बहुधा न पाहिलेल्या पुस्तकाविरुद्ध असतो.

प्रश्न : आमच्या गटात सतरा वर्षांची विवाहित मुलगी गरोदर असल्याचे कळले. अनुदानाच्या अहवालात तिची नोंद करावी का? पोलिसांना कळवले तर गावातल्या मुली आमच्याकडे यायच्या बंद होतील.

या कामातील हा सर्वांत अवघड प्रश्न आहे. पॉक्सो कायद्याच्या कलम 19 प्रमाणे अठरा वर्षांखालील मुलीशी घडलेल्या लैंगिक गुन्ह्याची माहिती असलेल्या प्रत्येकाने ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, आणि न कळवणे हा कलम 21 खाली स्वतंत्र गुन्हा आहे. मुलगी विवाहित आहे म्हणून सूट मिळत नाही. ऑक्टोबर 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पत्नी अठरा वर्षांखालील असेल तर बलात्काराच्या व्याख्येतील वैवाहिक संबंधांचा अपवाद लागू होणार नाही असा निकाल दिला. 29 सप्टेंबर 2022 च्या निकालात याच न्यायालयाने एक दरवाजा किलकिला केला. अल्पवयीन मुलगी गर्भपातासाठी आली आणि तिने व तिच्या पालकांनी विनंती केली, तर डॉक्टरने पोलिसांना कळवताना तिचे नाव व ओळख उघड करण्याची गरज नाही. ही सवलत नोंदणीकृत डॉक्टरपुरती आणि गर्भपातापुरती आहे, संस्थेच्या कार्यकर्तीला ती नाही. तेव्हा गटात बोलणे सुरू होण्याआधीच ‘कोणती गोष्ट मी माझ्यापाशी ठेवू शकत नाही’ हे कार्यकर्तीने मुलींना सांगून ठेवणे हाच प्रामाणिक मार्ग. पुढचे पाऊल जिल्हा विधी सेवा प्राधिकरणातील वकील किंवा 1098 ही बालकांसाठीची मदतवाहिनी यांच्या सल्ल्याने उचलावे; दिवस घालवू नयेत. गावपातळीवर बालविवाह प्रतिबंधक अधिकारी ग्रामसेवक असतो, पण जे लग्न त्याच्या डोळ्यांदेखत लागले त्याची नोंद तो कितपत उत्साहाने करील, हे मी सांगायला नको.

अहवालात फक्त संख्या द्या. नाव, गाव, शाळा, छायाचित्र यांपैकी काहीही देऊ नका, मागितले तरी देऊ नका.

आणि वय बदलू नका. एका प्राथमिक आरोग्य केंद्राची नोंदवही मी एकदा पानोपान पाहिली होती. पहिलटकरणींच्या वयाच्या रकान्यात 19, 19, 20, 19 अशी ओळ लागली होती आणि जोडलेल्या बहुतेक आधार कार्डांवर जन्मतारीख एक जानेवारी होती. परिचारिकेने मान खाली घालून एवढेच म्हटले, “साहेब, सतरा लिहिलं तर ती पुढच्या तपासणीला येत नाही.” तिचे चुकले असे म्हणायला मला त्या दिवशी जमले नाही. पण त्या रकान्यातून जी आकडेवारी वर जाते तिच्यावरच पुढच्या वर्षीचा निधी ठरतो, आणि कागदावर अल्पवयीन माता नसतील तर त्यांच्यासाठी पैसाही असणार नाही.

प्रश्न : मी न्यू जर्सीत राहते आणि येथील एका स्वयंसेवी संस्थेच्या मंडळावर आहे. अमेरिकेत याच विषयासाठी स्वतंत्र संघीय अनुदान आहे. लहान संस्थेने त्याच्या मागे लागावे का?

अमेरिकेत या विषयाला स्वतःचे नाव असलेले अनुदान आहे, आणि नाव असल्याचे फायदे-तोटे तेथे दोन्ही दिसतात. 1996 च्या कल्याणकारी सुधारणा कायद्याने ‘लग्नापर्यंत संयम’ शिकवण्यासाठी वर्षाला 5 कोटी डॉलर ठेवले होते. संसदेनेच सांगितलेल्या आणि 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मूल्यमापनात असे वर्ग केलेल्या आणि न केलेल्या मुलांच्या वागण्यात फरक आढळला नाही. 2010 मध्ये टीन प्रेग्नन्सी प्रिव्हेन्शन प्रोग्रॅम आला, त्याला दरवर्षी साधारण 10 कोटी डॉलर मिळत आले. निधीचा मोठा भाग आधी सिद्ध झालेले कार्यक्रम पुन्हा राबवण्यासाठी आणि लहान भाग नवे प्रयोग तपासण्यासाठी, अशी त्याची विभागणी होती. पहिल्या फेरीतील 41 कठोर मूल्यमापनांपैकी 12 मध्ये अनुकूल परिणाम दिसला. बाकीचे निकाल न लपवता छापले गेले, ही गोष्ट मला त्या 12 इतकीच मोलाची वाटते.

तोटा 2017 मध्ये दिसला. नव्या प्रशासनाने 81 अनुदानधारकांची पाच वर्षांची अनुदाने दोन वर्षे आधीच थांबवण्याची पत्रे पाठवली. संस्था न्यायालयात गेल्या आणि 2018 मध्ये एकामागून एक निकालांत ती कृती बेकायदा ठरली. त्यातला एक निकाल तेव्हा जिल्हा न्यायाधीश असलेल्या केतांजी ब्राऊन जॅक्सन यांचा होता. वर्षाला दहा-वीस हजार डॉलरवर चालणाऱ्या संस्थेला असा धक्का आणि वकिलाचा खर्च सोसवणार नाही. मूल्यमापनाच्या अटीही जड असतात. म्हणून स्वतः मुख्य अर्जदार होण्याऐवजी विद्यापीठ, शालेय जिल्हा किंवा काउंटीचा आरोग्य विभाग यांच्या अर्जात उप-अनुदानधारक म्हणून सामील व्हावे, असे मी सुचवीन.

तेथे 15 ते 19 वयोगटातील दर हजार मुलींमागे प्रसूतींचे प्रमाण 1991 मध्ये 61.8 होते, ते 2023 पर्यंत सुमारे 13 वर आले. ही घट 2010 च्या बरीच आधी सुरू झाली होती आणि तिच्यात गर्भनिरोधकांच्या चांगल्या वापराचा वाटा मोठा आहे, तेव्हा अर्ज लिहिताना तिचे सगळे श्रेय अनुदानाला देऊ नये. तपासणारे ते लगेच ओळखतात.

प्रश्न : काम पूर्ण झाले, लेखापरीक्षणही झाले, तरी दुसरा हप्ता अडला आहे. कुठे चुकले असेल?

आधी विनियोग प्रमाणपत्र, म्हणजे अनुदान ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला, पाहा. केंद्राच्या अनुदानासाठी ते सामान्य वित्तीय नियम 2017 मधील नमुना 12-अ मध्ये लागते आणि आर्थिक वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांत द्यावे लागते. त्यातील शिल्लक पीएफएमएस या सरकारी निधीचा हिशेब ठेवणाऱ्या संगणकीय प्रणालीवरील शिलकीशी रुपया-पैशापर्यंत जुळली पाहिजे. तेही जुळत असेल तर बचत खात्यावरचे व्याज तपासा. अनुदानावर मिळालेले व्याज संस्थेचे नसते, ते सरकारजमा करावे लागते, आणि बँकेने तिमाहीच्या शेवटी जमा केलेले तीनशे-साडेतीनशे रुपये कुणाच्या लक्षातही येत नाहीत. तेवढ्या रकमेवरून लाखाचा हप्ता आठ महिने अडलेला मी पाहिला आहे. व्याजाचा भरणा करून चलनाची प्रत प्रमाणपत्राला जोडा आणि पोच घ्या.