‘शैल तेल’ नव्हे, शेल तेल

ऐरोलीहून विचारणा आली आहे: ‘शेल तेल’ लिहावं की ‘शैल तेल’? आणि अशा देशी तेलावर भारताची गरज भागेल का?

शेल. एकच मात्रा. बातम्यांत आणि मुलांच्या प्रकल्पवह्यांत ‘शैल’ सर्रास दिसतो, तो चूक आहे. शैल हा ‘शिला’पासून आलेला संस्कृत शब्द, अर्थ डोंगर, म्हणून पार्वती शैलजा. शेल हे हे तेल ज्यात सापडतं त्या खडकाचं नाव, इंग्रजीतून आलेलं, मूळ अर्थ टरफल, कवच. शिंपल्याचा ‘शेल’ त्याचा सख्खा भाऊ. खडकही नावासारखाच: चिखलाचे थर दबून झालेला, चाकूचं टोक घातलं की पापुद्रे सुटणारा. आपल्या पारसिकच्या डोंगराचा कातळ असा सुटायचा नाही. तो लाव्ह्याचा बसाल्ट.

पण ‘शैल तेल’ म्हणजे शिळेतलं तेल, आणि हे नाव मराठीत केव्हाचंच आहे: रॉकेल! ‘पेट्रा’ म्हणजे खडक, ‘ओलियम’ म्हणजे तेल, झालं पेट्रोलियम. त्याचं इंग्रजी ‘रॉक ऑइल’, आणि रेशनच्या रांगेतलं रॉकेल. (ओलियम ऑलिव्हचं, आपलं तेल तिळाचं, हेही जाता जाता.) काही जाणकार रॉकेलला केरोसीनचा अपभ्रंश म्हणतात. साफ अमान्य. ‘गॅसलाइट’चं घासलेट झालं, ‘ग’चा ‘घ’ झाला, तरी स-ल-ट जागच्या जागी राहिले. ‘रॉक ऑइल’चे र-क-ल तसेच रॉकेलात आहेत. केरोसीनमध्ये ‘ल’ आहे कुठे?

तेव्हा ‘शैल तेल’ लिहिलंत, तर उरणला नळातून येणारं मुंबई हायचं तेलही त्यात आलं. ते तर मुख्यतः चुनखडीच्या छिद्रांतलं. शेल तेल वेगळं: खडक इतका घट्ट की तेल आपणहून वाहत नाही. विहीर उभी खोदून आडवी वळवतात, दाबाखाली पाणी, वाळू आणि रसायनं सोडून खडकाला भेगा पाडतात. वाळू त्या भेगा मिटू देत नाही. ‘तेल शेल’ आणखी तिसरंच. त्यात तेल नसतं, केरोजेन असतो, म्हणजे तेल बनण्याआधीचा घन सेंद्रिय पदार्थ. खडक सुमारे 500 अंशांपर्यंत तापवावा तेव्हा तेल मिळतं. एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडमध्ये दिव्याचं तेल असंच काढत, म्हणजे ‘रॉक ऑइल’ शब्दशः.

राहिला गरजेचा प्रश्न. अमेरिका 2023 मध्ये दिवसाला सुमारे 1.3 कोटी पिंपं कच्चं तेल काढत होती, त्यातलं निम्म्याहून जास्त शेलसारख्या घट्ट खडकांतलं. तरी ती कच्चं तेल आयात करते, कारण शेल तेल हलकं आणि तिथल्या बऱ्याच रिफायनऱ्या जड तेलासाठी बांधलेल्या. शिवाय अशा विहिरीचं उत्पादन पहिल्याच वर्षात निम्म्याच्या खाली येतं. नव्या विहिरी खोदत राहिलं तरच आकडा टिकतो. आपण तर 85 टक्क्यांच्या वर कच्चं तेल बाहेरून आणतो. शेलसाठी 2013 मध्ये धोरण झालं, खंबात, कृष्णा-गोदावरी, कावेरी ही खोरी तपासली गेली, पण व्यापारी प्रमाणात तेल निघालेलं नाही. नाही भागणार.